चिमटीने धरलेला डूख

चिमटीला चिमटी हे नाव तिच्या वडिलांनी, आबांनी ठेवलं. लहानपणी ती दिसायला एवढीशी, आणि अंगठा नि पहिलं बोट जुळवून काय वाटेल ते उचलायची. फरशीवर सांडलेली टाचणी म्हणू नका, दुधातला केस म्हणू नका, आबांच्या मिशीत अडकलेला पावाचा कण म्हणू नका. पुढे ती चांगली उंच झाली, कानशिलाजवळचे केस पांढरे झाले, पण नाव काही बदललं नाही. खरं नाव विचारलं असतं तर तिच्या धाकट्या भावालाही क्षणभर डोकं खाजवावं लागलं असतं.

आबांचं दुकान नदीवरच्या पुलाच्या तोंडाशी होतं. गळ, दोऱ्या, काठ्या, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, असा मासे पकडायचा सगळा माल तिथे मिळायचा. पण लोक लांबून वाट वाकडी करून यायचे ते आबांच्या माशांसाठी. माशा म्हणजे खोट्या माशा. थंड, वाहत्या पाण्यातला मासा पाण्यावर बसलेले किडे टिपून खातो. तेव्हा गळालाच पिसं, लव आणि दोरा बांधून हुबेहूब किडा करायचा, तो पाण्यावर अलगद सोडायचा आणि मासा फसायची वाट बघायची. हे बांधकाम नखाएवढ्या जागेत चालतं. एक वेढा जास्त पडला की माशी जाड होते, एक कमी पडला की पहिल्याच झटक्याला उसवते. आबांची माशी कधी उसवत नसे.

चिमटी तिशीत असताना आबांचे हात थरथरायला लागले. आधी चहाची बशी वाजायला लागली, मग दोरा सुटायला लागला. एक दिवस त्यांनी तिला दुकानामागच्या खोलीत खिडकीपाशी बसवलं आणि स्वतःची हत्यारं तिच्यापुढे सरकवली.

"तुला येतं सगळं. लहानपणापासून बघतेस. माझं नाव मी जाईपर्यंत टिकू दे गं."

तेव्हापासून दुकानात आबा आणि पडद्याआड चिमटी. आबा गल्ल्यापाशी अर्धवट बांधलेली एक माशी समोर ठेवून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे, आणि आत चिमटी डबीमागून डबी भरायची. बांधता बांधता आबांकडून एकेक गोष्ट कळायची. एकदा तिने गळ मेणबत्तीजवळ ठेवले, तर आबा केवढ्याने ओरडले! "आगीशी नेऊ नकोस! आग लागली की गळाचा जीव जातो. दिसायला गळच दिसतो, पण नुसती तार उरते." आबा रागावले की तिला हसू यायचं. त्या खोलीत ती सुखी होती. आपलं नाव कुठे नाही याचं तिला कधी वाईट वाटलं नाही, कारण ते दोघांचं गुपित होतं. खरं म्हणजे तिघांचं. धाकट्याला माहीत होतं. भरलेल्या डब्या तोच उचलून पुढे नेऊन विकायचा.

मग आबा गेले. भेटायला माणसांची रीघ लागली. शेजाऱ्यांच्या खुर्च्या आणून दुकानातच मांडल्या होत्या. आबांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे अग्निशामक दलातून निवृत्त झालेले बंबवाले काका. ते आबांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसले होते. मग त्यांनी मान वर करून मोठ्याने विचारलं, "आता माशा कोण बांधणार?"

चिमटी कपांचा ट्रे घेऊन दारातच उभी होती.

"मीच की," धाकटा म्हणाला. "खरं सांगायचं तर काका, गेली काही वर्षं मीच बांधत होतो. आबांचा हात चालत नव्हता. पण त्यांचा शब्द होता, कुणाला सांगायचं नाही. म्हणून गप्प होतो."

सगळे एकदम त्याच्याकडे बघायला लागले. कुणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवला. एक बाई डोळे पुसत म्हणाली, "असा मुलगा असावा." आणि मग कुणीतरी सहज विचारलं, "आणि ताई काय करतात?"

"ताई? ताई झाडलोट बघते. पिसंबिसं धुऊन ठेवते."

चिमटीने भावाकडे पाहिलं. तो निदान नजर चुकवेल, असं तिला वाटलं होतं. पण त्याने तिच्याकडे सरळ, शांतपणे पाहिलं. ही बोलणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि ती बोलली नाही. आबांना जाऊन दोन दिवस झाले नव्हते, तिथे तमाशा काय करायचा? तिने चहा दिला, कप गोळा केले, आत जाऊन विसळले. कप विसळताना तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

पुढच्याच आठवड्यात धाकटा म्हणाला, "ताई, वरची तुझी खोली मालाला लागेल गं आता. तू कुठे तरी बघ."

"बरं," चिमटी म्हणाली. "आबांची हत्यारं तेवढी मला दे."

"दुकानाची हत्यारं दुकानात राहतील. आणि तुला कशाला हवीत? भाजी चिरणार आहेस का त्यांनी?" स्वतःच्या विनोदावर तो स्वतःच हसला. त्याच्या बायकोने खाली बघितलं.

चिमटी कपड्यांची पिशवी घेऊन पायऱ्या उतरली. जाताना तिने दार आपटलं नाही, रडली नाही, शिव्याशाप दिले नाहीत. तिने डूख धरला.

नदीपासून दोन गल्ल्या आत एक लाँड्री होती. तिथे तिला इस्त्रीचं काम मिळालं, आणि लाँड्रीच्या मागची एक खोली. खोली कसली, वाफेने भिंती ओल्या झालेलं एक खोकं. पण खिडकीतून चांगला उजेड यायचा. लाँड्रीची मालकीण आडव्या अंगाची, मोठ्या आवाजाची, आणि लोकांच्या भानगडींत मनापासून रस घेणारी. चिमटीची कहाणी तिने पहिल्याच दिवशी काढून घेतली आणि शर्टाच्या कॉलरवर इस्त्री दाणकन ठेवून म्हणाली, "मी असते ना, त्याच ट्रेने हाणला असता!"

"ट्रेने काय होतं? टेंगूळ येतं आणि जातं."

"मग काय करणार आहेस?"

"बघू," चिमटी म्हणाली.

आधी तर हत्यारं हवी होती. आबांच्या दुकानातल्या एका फळीवर नाना प्रकारची चकचकीत हत्यारं टांगलेली असायची. नवशिकी माणसं ती बघून हरखायची आणि पिशवी भरून घेऊन जायची. आबा विकायचे आणि मागून डोळे मिचकावायचे. चिमटी इस्त्री करता करता ती फळी डोळ्यांसमोर आणायची आणि मनातल्या मनात एकेक हत्यार काढून टाकायची. हे नसलं तरी चालेल, हे नुसतं मिरवायला, हे आळशी लोकांसाठी. शेवटी उरली ती मूठभर. गळ घट्ट धरणारा शिकंजा. टोकदार कात्री. दोऱ्याचं रीळ धरणारी नळी. पिसाचं टोक पकडायला चिमटा. आणि एक सुई. एवढं असलं की माशी होते, आणि यातलं एक जरी नसलं तरी माणूस नुसता पिसांत हात घालून बसतो.

शिकंजा घड्याळजीकडे मिळाला. त्याची नजर गेल्यामुळे तो सामान काढून टाकत होता. पण त्याचे जबडे जाड होते, बारीक गळ त्यात दिसायचाच नाही. किल्ल्या बनवणाऱ्याकडून तिने ते कानशीने निमुळते करून घेतले. पहिल्यांदा गळ लावून तिने नेहमीच्या सवयीने स्क्रू आवळला तर गळ काडकन मोडून भुवईला लागला. आबांच्या शिकंज्याला किती पीळ द्यायचा, ते तिच्या मनगटाला पाठ होतं. या नव्या शिकंज्याला तिचं मनगट ओळखत नव्हतं.

रिळाच्या नळीने तर जीवच खाल्ला. सायकलच्या आऱ्याची तार वाकवून तिने दोन पाय केले, त्यांच्यात रीळ अडकवलं आणि पुढे जुन्या रेडिओच्या एरियलचा बारीक तुकडा बसवला. दोरा त्या नळीतून सुरेख खाली उतरायचा आणि ऐन शेवटच्या वेढ्याला तटकन तुटायचा. पुन्हा पुन्हा तुटायचा. एके दिवशी तिने सगळं भिंतीवर फेकलं आणि हुंदके देऊन रडली. दुःख कसलं, निव्वळ संताप होता तो. धाकट्याच्या दुकानात आबांची गुळगुळीत पितळी नळी खिळ्याला लटकत असेल आणि आपण इथे एरियल घासत बसलोय! मग डोळे पुसून तिने नळीच्या तोंडावरून जीभ फिरवली. जिभेला कुसळ टोचलं. एवढुशी धार होती ती, दोरा त्यावरच कापला जात होता. ओल्या दगडावर घासून तिने ते तोंड काचेसारखं केलं.

कात्री मालकिणीने स्वतःच्या भरतकामाच्या डब्यातून काढून दिली. पिसाचा चिमटा वायरमनकडचा, तारा जोडायचा, दातांचा. त्या दातांवर तिने रबर चढवलं, नाहीतर पीस तुटतं. सुई म्हणजे रफूची सुई, बाटलीच्या बुचात खोचलेली. गाठ मारायला आबांकडे एक वळलेला आकडा होता, पण चिमटीला तो कधी आवडला नव्हता. ती दोन बोटांवरच दोरा फिरवून गाठ मारायची. निदान ती बोटं तरी कुणी कुलपात ठेवू शकत नव्हतं.

कोंबड्याच्या मानेची पिसं खाटकाकडून आली. सशाची लव मिळाली ती लाँड्रीत टाकून कायमच्या विसरलेल्या एका कोटाच्या कॉलरमधून. पहिल्या माशा भयंकर झाल्या. मालकीण एक उचलून म्हणाली, "ही माशी आहे? मला वाटलं मोरीतून काढलंस." पण हळूहळू हात बसला. दुपारी लाँड्री बंद असायची, त्या वेळात खिडकीपाशी ती बांधत बसायची. इस्त्रीने भाजलेली बोटं पिसांना हळू लावायला पुन्हा शिकली. एक दिवस तिने एक माशी शिकंज्यातून काढून तळहातावर ठेवली आणि तिला कळलं, की ही आबांच्या दुकानात गेली तर आबासुद्धा फसतील.

तिकडे धाकट्याचं काय चाललं होतं? त्याला बांधता येत नव्हतंच. त्याने बायकोला टेबलाशी बसवलं. बिचारीने डोळे फोडून बांधलं, पण माशा उसवायच्या. गिऱ्हाइकं डब्या परत आणून गल्ल्यावर आपटायला लागली. धाकटा म्हणायचा, दोरा वाईट आला, हवा दमट आहे, तुम्ही काठी जोरात मारता.

अशा वेळी लाँड्रीची मालकीण त्याचे इस्त्रीचे शर्ट स्वतः द्यायला गेली. शर्टांवर एक डबी ठेवलेली.

"माझा मावसभाऊ बांधतो. लांब राहतो. तुम्हाला हव्या असल्या तर आणखी मागवते."

परत आली ती हसू दाबतच. "घेतल्या! आणखी हव्यात म्हणाला."

"काय म्हणाला? नीट सांग. बघून काय म्हणाला?"

"म्हणाला, बऱ्या आहेत. आबांच्या हाताची सर नाही, पण चालतील."

चिमटीच्या हातातली इस्त्री थांबली. खालचा रुमाल जळायला लागला तेव्हा मालकिणीने ती हिसकावून घेतली.

"त्याने हात ओळखला नाही?" चिमटी पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती. "इतकी वर्षं माझ्या डब्या उचलल्या त्याने. माझा हात ओळखला नाही?"

झाडलोटीचं बोलणं एक वेळ तिने गिळलं असतं. म्हणाली असती, लबाडी केली, पोटासाठी केली. पण आपण काय केलं होतं ते त्याने कधी नीट बघितलंसुद्धा नव्हतं, हे तिच्या जिव्हारी लागलं.

त्या हंगामात चिमटीच्या माशा धाकट्याच्या दुकानातून 'आबांची माशी' म्हणून खपल्या. गिऱ्हाइकं परत आली. धाकट्याने नवी पाटी लावली, पाटीवर स्वतःचं चित्र काढून घेतलं, हातात माशी धरलेलं. मालकीण वैतागली.

"तू त्याला बुडवायला निघालीस की तारायला?"

"आधी वर तर चढू दे त्याला. जमिनीवर बसलेल्याला कसं पाडणार?"

पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला नदीवर मासेमारीची मोठी स्पर्धा ठरली. लांबलांबून लोक येणार होते. धाकट्याने मोठी मागणी दिली: सगळ्यांत मोठे मासे पकडायच्या माशा हव्यात, काळ्या गळावरच्या, एकूण एक सारख्या. चिमटीने गळांची पुडी घेतली आणि दुपारी लाँड्रीच्या शेगडीवर पत्रा ठेवला. पत्र्यावर गळ पसरले. ते लाल झाले. मग तिने ते उचलून गरम राखेत पुरले आणि राख हळूहळू निवू दिली.

मालकीण जांभई देत आत आली. "काय शिजवतेस?"

"गळ."

मालकिणीने वाकून बघितलं. चिमटीने एक गळ काढला आणि बोटांनी दाबला. तो निमूटपणे सरळ झाला. मालकिणीची झोप उडाली.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. तिचा आवाज एवढा खाली येऊ शकतो हे चिमटीला पहिल्यांदाच कळलं. "हे मोठं होईल हं."

"झालंच पाहिजे."

तिने प्रत्येक गळाला काळं रोगण दिलं आणि माशा बांधायला बसली. इतक्या देखण्या माशा तिने जन्मात बांधल्या नव्हत्या. पंख असे की आता उडेल. बघणाऱ्याची नजर पिसांवरून खाली गळाकडे जाताच कामा नये, अशा. बांधताना ती गुणगुणत होती. खूप दिवसांनी तिला त्या मागच्या खोलीतल्यासारखं वाटलं, फक्त शेजारी आबा नव्हते, आणि ते नाहीत हे त्या वेळी तिला बरंच वाटलं.

स्पर्धेच्या सकाळी ती धुतलेल्या चादरींची टोपली घेऊन पुलावर गेली आणि कठड्याला टेकून उभी राहिली. खाली काठावर मांडव होता. मांडवात धाकटा नवा कोट घालून पाहुण्यांच्या रांगेत बसला होता. तेवढ्यात कर्ण्यातून घोषणा झाली, की सगळ्यांना समान संधी म्हणून यंदा प्रत्येकाने दुकानातूनच मिळालेली 'आबांची माशी' वापरायची, दुसरी चालणार नाही. धाकट्याने आयोजकांना गळ घालून हे जमवलं होतं. चिमटीला हसू फुटलं. तिने विचार केला होता, निम्मे लोक तरी घेतील. याने तर सगळ्यांच्याच हातात दिल्या!

पहिली काठी वाकली. काठावर आरोळी उठली. काठी धनुष्यासारखी झाली, आणि मग एकदम सरळ होऊन नुसती थरथरत राहिली. त्या माणसाने दोरी ओढून घेतली, माशी हातात धरून बघितली, पुन्हा बघितली. तोवर पलीकडची काठी वाकली नि सरळ झाली. मग आणखी एक. लहानसहान मासे हाताला लागत होते, पण जरा अंगाचा मासा आला की गळ उघडत होता. तासाभरात नदीकाठी नुसत्या शिव्या ऐकू येत होत्या. चिमटी कठड्यावर कोपरं टेकून बघत होती. तिला इतका आनंद झाला होता की पोटात दुखायला लागलं.

लोक मांडवात शिरले. एकाने सरळ झालेला गळ धाकट्याच्या नाकापुढे धरला.

"हे काय आहे? टाचणी आहे का?"

"गळच वाईट निघाले हो," धाकटा म्हणाला. "कारखान्याची चूक."

"पण बांधतोस तूच ना? शिकंज्यात गळ आवळताना हाताला कळलं नाही तुझ्या? मऊ गळ शिकंज्यात वाकतो. लहान पोरालाही कळेल."

धाकट्याकडे उत्तर होतं. एकच होतं, खरं होतं, आणि तेच त्याला देता येत नव्हतं. तो उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. कुणीतरी त्याच्या कोटाची बाही धरली. चिमटीने टोपली उचलली आणि शांतपणे चादरी पोचवायला गेली.

दुसऱ्या दिवशी तो लाँड्रीत आला. दाढी वाढलेली, कोट चुरगळलेला. मालकिणीकडे त्या मावसभावाचा पत्ता मागायला आला होता. चिमटीला इस्त्रीच्या टेबलापाशी बघून तो थबकला. तिच्या बोटाच्या पेरावर दोऱ्याने पडलेली लाल रेघ होती. तेवढी मात्र त्याला ओळखू आली, कारण आबांच्याही बोटाला तशीच होती.

"तू?"

"मी."

"ताई, तू हे मुद्दाम केलंस?"

"मग काय चुकून?"

"मी सगळ्यांना सांगेन. आत्ता जाऊन सांगेन, की माशा तू बांधल्यास!"

"जा, सांग ना." चिमटीने हातातला शर्ट उलटा केला आणि बाहीवर इस्त्री फिरवली. "पण काय सांगशील? माझ्या दुकानातल्या माशा माझी बहीण बांधत होती? कुठली बहीण? ती झाडलोट करणारी?"

धाकटा दाराकडे वळला आणि थांबला.

"दारात उभा राहून ओरड. मी खिडकी उघडून देते."

"आबांचं नाव धुळीला मिळवलंस तू," तो शेवटी म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "निदान त्यांचा तरी विचार करायचास."

हा वार लागला. "नाव त्यांचं होतं, हात माझे होते," ती म्हणाली. "नाव तू घेतलंस आणि हातांना झाडू दिलास. आता नावाचं काय करायचं ते तूच बघ. शर्ट न्यायचे आहेत का? नसतील तर बाजूला हो, मागे गिऱ्हाईक आहे."

मागे खरंच एक गिऱ्हाईक होतं. धाकटा बाजूला झाला आणि निघून गेला.

इथेच गोष्ट संपली असती तर चिमटीला पुढे कायम शांत झोप लागली असती. पण दोन-तीन दिवसांनी सकाळच्या वेळी बंबवाले काका आले. काठी टेकत, दमत. त्यांनी खिशातून माशी काढून इस्त्रीच्या टेबलावर ठेवली. गळ सरळ झालेला.

काका स्वतःच्या जुन्या माशा वापरतात, आबांनी दिलेल्या, डबीत जपून ठेवलेल्या, हे चिमटीला माहीत होतं. त्यांचं काही जाणार नाही, असं तिने धरून ठेवलं होतं. त्या नव्या नियमाने काकांच्याही हातात दुकानातलीच माशी आली, हे पुलावर हसताना तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"खडकाखालचा होता," काका म्हणाले. "तो म्हातारा. आबा आणि मी किती वर्षं त्याच्या मागे होतो. काठापर्यंत आला गं. डोळ्याला डोळा भिडला माझ्या. आणि गेला."

चिमटीने इस्त्री बाजूला ठेवली. "काका, ते मी केलं."

"ठाऊक आहे. ही बांधणी दुसऱ्या कुणाची नाही." काकांनी पंखावरून बोट फिरवलं. "माशा तू बांधतेस, हे आबांनी मला केव्हाच सांगितलं होतं. त्या दिवशी सगळ्यांसमोर मी विचारलं ना, आता कोण बांधणार म्हणून, ते तुझ्यासाठीच विचारलं होतं. वाटलं, तू बोलशील."

आधी चिमटीला लाज वाटली. आपल्यासाठी उघडलेलं दार आपणच ट्रे हातात धरून बघत बसलो, असं वाटलं. मग हळूहळू ती लाज तापत गेली.

"तुम्हाला माहीत होतं?" ती म्हणाली. "तो खोटं बोलला तेव्हा तुम्ही शेजारी बसला होतात. तुम्हाला सगळं माहीत होतं. मग तुम्ही का नाही बोललात?"

काकांनी काठीची मूठ एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "घरातली गोष्ट होती. मी परका माणूस..."

"माझा चहा प्यायलात आणि उठून गेलात."

काका उठले आणि गेले. माशी टेबलावरच राहिली. त्यानंतर रस्त्यात दिसले की ते पलीकडच्या बाजूला जायचे. चिमटीही हाक मारायची नाही. पुढच्या हिवाळ्यात काका वारले. चिमटी भेटायला गेली, दारापर्यंत पोचली आणि परत आली. तो खडकाखालचा मासा त्यांच्या हाती लागायला हवा होता, एवढं ती मालकिणीपाशी एकदा बोलली. बाकी कशाचं वाईट वाटतं असं तिच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

धाकट्याचं दुकान त्या हंगामातच बसलं. कुणी दोन गळ घ्यायला आलं तरी आधी वाकवून बघायचं आणि हसायचं. पुढे तिथे पडद्यांचं दुकान झालं. भावजयीने एकदा लाँड्रीत येऊन एक ब्लँकेट धुवायला टाकलं आणि जाता जाता म्हणाली, "वन्सं, डोळे बरे झाले माझे." एवढंच म्हणाली. चिमटीने ब्लँकेट दोन दिवस आधी देऊन टाकलं.

लाँड्रीच्या गल्ल्यावर मालकिणीने काचेची एक पेटी ठेवली आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: चिमटीच्या माशा. सुरुवातीला लोक गळ वाकवून बघायचे. चिमटी म्हणायची, "वाकवा, जोर लावून वाकवा." ते वाकायचे नाहीत. हळूहळू माणसं यायला लागली. त्यातले काही शिकायचं म्हणत, आणि येताना चकचकीत हत्यारांची पेटीच घेऊन येत. चिमटी त्यातलं बरंचसं बाजूला ठेवायला लावायची आणि पहिल्या दिवशी नुसता गळ शिकंज्यात धरायला शिकवायची. शिकवताना ती प्रेमळ नव्हती. पण शिकलेल्या प्रत्येकाचं नाव ती चारचौघांत मोठ्याने घ्यायची: ही माशी याने बांधली, ही तिने बांधली.

धाकट्याला बस डेपोत तिकिटाच्या खिडकीवर नोकरी लागली. एकदा मालकिणीच्या मुलीच्या घरी जायचं म्हणून चिमटी तिथे रांगेत उभी राहिली. दुसरीही खिडकी उघडी होती, रांगही छोटी होती. ती मुद्दाम याच रांगेत थांबली. तिची पाळी आली.

"कुठे?" त्याने मान वर न करता विचारलं.

तिने गावाचं नाव सांगितलं. आवाज ओळखून त्याचा हात थांबला. मग त्याने तिकीट फाडून काचेखालून सरकवलं. मान वर केली नाही.

बसमध्ये मालकिणीने कोपराने ढोसलं. "काय गं, वाईट वाटलं ना?"

चिमटी खिडकीबाहेर बघत होती. "नाही," ती म्हणाली. "मी वाट बघितली, वाटेल म्हणून. आतून काही आलं नाही. उलट बरंच वाटलं." थोड्या वेळाने तिने पिशवीतून पाव काढला, अर्धा मालकिणीला दिला, आणि उरलेला चवीने खाल्ला.